जोतीअप्पांचे पुढचे दोन दात

शेळगावात कुणी वारलं, की बाकीच्या गोष्टी मागाहून ठरायच्या. दहाव्याला जोतीअप्पा बोलणार, हे मात्र आधीच ठरलेलं असायचं.

गावात बोलणाऱ्यांची काही वाण नव्हती. माइक दिसला की गळा खाकरणारी माणसं दर गल्लीत दोन होती. पण दहाव्याचं काम त्यांचं नव्हे. तिथं जोतीअप्पा, म्हणजे जोतीराम, उठायचे, खांद्यावरच्या उपरण्याचं टोक तोंडाशी धरायचे, मान खाली घालायचे आणि वरचा ओठ जराही न उचलता बोलायला लागायचे. शब्द अर्धेच ऐकू यायचे. “...आधार...”, “...झाड...”, “...परत न्हाय...” एवढं कानावर पडायचं आणि मधल्या मोकळ्या जागा ज्यानं त्यानं आपापल्या आठवणींनी भरायच्या. बायका पदर डोळ्यांना लावायच्या. एरवी मोबाइल बघत बसणारी पोरंही मोबाइल उलटा ठेवायची.

“माणूस आतनं तुटतो बघा,” लोक म्हणायचे.

तुटलेलं होतं हे खरं, पण आत नव्हे. अगदी पुढं.

जोतीराम विशीत असताना विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचं हँडल उलटं फिरलं आणि तोंडावर बसलं. वरच्या पुढच्या दोन्ही दातांचे आतले कोपरे उडाले. दोन दातांच्या मधोमध कौलारू घराच्या आकाराची एक खिडकी पडली. तेव्हापासून वरच्या ओठानं ती खिडकी झाकायची नोकरी धरली, ती कधी सोडली नाही. ओठ कमी पडला तर हात, हात गुंतलेला असला तर उपरणं. लग्नाच्या फोटोत सगळं वऱ्हाड दात काढून हसतंय आणि नवरदेव असा, जणू त्याला कुणी खटल्याची तारीख दिली आहे. बायकोला, मनिषाला, लग्नानंतर वर्षभर वाटत होतं, की आपण काही या माणसाला पसंत पडलो नाही. पुढं पोरगी झाली, संस्कृती. तेव्हा तरी हा माणूस हसेल असं तिला वाटलं. त्यांनी उपरणं तोंडाशी धरलं आणि डोळे पुसले.

तर असा हा दु:खाचा दर्दी माणूस. त्यांनी जन्मात एकच इच्छा धरली होती, ती म्हणजे गावच्या विकास सोसायटीत संचालक व्हायचं. पैशाअडक्यासाठी नव्हे; गावातल्या प्रत्येक जाणाऱ्याला आपण निरोप दिला, तर जिवंत माणसांनी एकदा तरी आपल्याला बोलावून खुर्ची द्यावी, एवढंच त्यांना वाटायचं. यंदा योग होता. पॅनेलप्रमुख आबाजींनी स्वत: घरी येऊन, चहा पिऊन सांगितलं होतं, “अप्पा, ह्या बारीला तुमी आमच्या पॅनेलात. दु:खात धावून येणारा माणूस, मतं काय मागाय लागत न्हाईत.”

मग पॅनेलच्या फ्लेक्सचं काम निघालं.

फ्लेक्सवाला शिवम. त्याचं दुकान बारामतीत, पण इंदापूरच्या शिवेपर्यंत एकही वाढदिवस त्याच्या नजरेतून सुटत नाही. त्यानं सगळ्या उमेदवारांचे फोटो एका रांगेत लावले आणि जोतीरामांना दुकानात बोलावून स्क्रीनपुढं बसवलं.

“अप्पा, राग मानू नका. हे बाकीचे बघा. हे मत मागत्यात. अन् तुमी?”

जोतीरामांनी पाहिलं. सगळे हसत होते. त्यांच्या मधोमध आपण असे, की या सगळ्यांनी मिळून आपल्याच स्मरणार्थ बोर्ड लावला आहे.

“गेल्या वर्षी तुमच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लावला हुता, तवा काय झालं आठवतंय ना?” शिवम म्हणाला.

आठवत होतं. पिंपळीचा मेहुणा दीपक मोटारसायकलवरून जाता जाता फाट्यावरचा तो फ्लेक्स बघून गाडी थांबवून मटकन खाली बसला होता. मजकूर वाचायचं त्याला सुचलंच नाही. चेहरा बघूनच त्यानं मनिषाला फोन लावला आणि “ताई, धीर धर,” म्हणून हंबरडा फोडला. फोन उचलला होता जोतीरामांनी.

“थोडं हसा की,” शिवम कॅमेरा उचलत म्हणाला.

जोतीराम हसले. शिवमनं कॅमेरा खाली ठेवला आणि म्हणाला, “जाऊ द्या, आदीचाच बरा हाय.”

ही हकिगत संस्कृतीच्या कानावर गेली. पोरगी रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली, बारामतीत एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दुधाची तपासणी करायची. वस्तू का तशी वागते, हे कळल्याशिवाय तिला जेवण गोड लागत नसे. आपले वडील शोकाकुल नसून फक्त दात लपवताहेत, हे तिनं सहावीत असतानाच ओळखलं होतं. पुरावा सोपा होता: अंधारात, वीज गेल्यावर, ते खळखळून हसायचे.

“अप्पा, उद्या माझ्याबरोबर बारामतीला चला,” ती म्हणाली. “एका बैठकीत होतंय. सुई नाही, काही नाही.”

“दात काढाय लागल?”

“काढायचा नाही. होता तेवढा परत भरायचा.”

डॉक्टर अंजली ह्या तरुण, मोजकं बोलणाऱ्या बाई. त्यांनी दातांच्या रंगांची एक पट्टी काढली आणि एकेक नमुना जोतीरामांच्या दाताशी लावून पाहिला. जोतीरामांनी सगळ्यात पांढऱ्यावर बोट ठेवलं.

“ह्यो द्या.”

“तो दिला तर लांबून फक्त तेवढेच दोन दिसतील,” डॉक्टर म्हणाल्या. “तुमचा रंग चहाचा आहे काका. आपण बाकीच्यांना लाजवायचं नाही.”

मग तुटलेल्या कडांना निळसर जेल लागलं, ते धुतलं, वर एक पातळ थर, आणि त्यावर कणकेसारखी मऊ खळ. डॉक्टरांनी ती चिमटीएवढ्या हत्यारानं बसवली, कोपरा घडवला, निळा दिवा धरला, की ती दगडासारखी. पुन्हा थर, पुन्हा दिवा.

“ते जेल आम्लच ना?” खुर्चीमागून संस्कृतीनं विचारलं. “दाताला बारीक खड्डे पाडतं आणि हे त्यात जाऊन बसतं?”

“बरोबर.”

“आणि दिव्यानं रेणूंच्या साखळ्या जुळतात.”

“तुम्ही दातांचं शिकलाय?”

“नाही, दुधाचं.”

जोतीराम तोंड उघडं ठेवून हे ऐकत होते. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं तोंड परक्या माणसांसमोर एवढा वेळ उघडं होतं.

शेवटी घासून गुळगुळीत केल्यावर डॉक्टरांनी आरसा दिला आणि पथ्यं सांगितली. पुढच्या दातांनी कडक काही तोडायचं नाही. सुपारी नाही, हाड नाही, पेरू चिरून खायचा. “आणि ऊस तर अजिबात दातानं सोलायचा नाही. कोपरा उडेल.”

“मग खायाचा कसा?”

“सोलून, गंडेऱ्या करून.”

“गंडेऱ्या पुण्याची माणसं खात्यात,” असं जोतीराम म्हणणार होते. पण त्यांचं लक्ष आरशात होतं. आरशातला माणूस हसत होता. खिडकी बंद झाली होती. सांधा कुठं आहे, ते त्यांनाच सापडेना.

परतीच्या एसटीत ते कंडक्टरकडं बघून हसले. कंडक्टरनं तिकीट दुसऱ्यांदा तपासलं. ते शेजारच्या म्हातारीकडं बघून हसले. तिनं पिशवी मांडीवर घेतली. घरी आले आणि मनिषाकडं बघून हसले. ती भाकरी थापत होती. भाकरी तव्यावर टाकायची राहिली.

“हे आदी केलं असतं तर,” ती म्हणाली, आणि मग भाकरी तव्यावर टाकली.

शिवमनं नवा फोटो काढला. आबाजी खूश झाले. फ्लेक्स छापायला गेला. इथंच सगळं थांबलं असतं तर गोष्ट सुखाची झाली असती.

पण त्याच आठवड्यात बिरदेवतात्या गेले.

तात्या म्हणजे जोतीरामांच्या उसाला लागून ऊस असलेले शेजारी. ऐंशी ओलांडलेले, पण बत्तीस दात शाबूत. बांधावर बसून अख्खा ऊस बुडख्यापासून शेंड्यापर्यंत दातानं सोलून खायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एक कांडं द्यायचे. जोतीराम ते कांडं घ्यायचे आणि घरी नेऊन विळ्यानं सोलायचे. तात्यांचा मुलगा रविंद्र. भावकी मोठी, सोसायटीत त्यांच्या घरची मतं जिकडं, निकाल तिकडं.

दहाव्याला ओढ्याकाठी मांडव भरला. आबाजी पहिल्या रांगेत. नाव पुकारलं, जोतीराम उठले. सवयीनं उपरण्याकडं हात गेला; पण अर्ध्या वाटेत हाताला आठवलं, की आता झाकायला काही नाही. तो परत खाली आला. मान वर झाली. ओठ उघडले. तीस वर्षांत पहिल्यांदा जोतीअप्पांचं भाषण शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट ऐकू गेलं.

आणि तिथंच घात झाला.

“बिरदेवतात्या म्हंजी गावाचा आधार,” ते म्हणाले. “वडाचं झाड. आसं झाड परत हुनार न्हाय.”

लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. हे वडाचं झाड मागच्या दहाव्यातलं होतं. त्याआधी पाटलांच्या म्हातारीलाही तेच होतं. इतकी वर्षं ते कुणाला कळलं नव्हतं, कारण प्रत्येकानं आपलं झाड आपण लावलं होतं. शिवाय हेही आता ऐकू आलं, की भाषणात तात्या थोडे आणि “माझ्यावर त्यांचा लई जीव” हेच जास्त आहे. त्यात ओठांची पंचाईत. नव्यानं मोकळा सुटलेला वरचा ओठ कुठं थांबायचं हे शिकलेलाच नव्हता. “गेलं” म्हणताना तो वर जायचा आणि तिथंच राहायचा. दुपारच्या उन्हात दोन्ही दात चकाकायचे.

कुणीतरी फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो गावच्या ग्रुपवर होता: हार घातलेल्या तात्यांच्या फोटोशेजारी उभे राहून, सगळे दात दाखवत हसणारे जोतीअप्पा.

दुसऱ्या दिवशी आबाजी आले. या वेळी चहा घेतला नाही.

“अप्पा, रविंद्र म्हनतोय, माझ्या बापाच्या दहाव्याला हा मानूस हासत हुता.”

“आवो, हासत न्हवतो. तोंडच तसं झालंय.”

“ते मला कळतं, मतदाराला कसं कळल? हे बघा, सोमवारी अर्ज भरायचेत. तवर रविंद्रचं मन वळवा. न्हायतर तुमची जागा दुसऱ्याला द्याय लागल. माझा इलाज न्हाय.”

जोतीराम त्याच संध्याकाळी रविंद्रच्या घरी गेले. ओटीवर बसले. माफी मागायची, तर तोंड उघडणं आलं.

“रविंद्र, माझं काय चुकलं आसलं तर...”

“आता पन हासताय तुमी, अप्पा,” रविंद्र शांतपणे म्हणाला आणि आत निघून गेला.

घरी येऊन ते आरशापुढं उभे राहिले. उपरण्याचं टोक तोंडाशी धरून पाहिलं. काही जमेना. पूर्वी हात आपसूक यायचा, कारण खरोखर काही लपवायचं असायचं. आता तो मुद्दाम आणावा लागत होता, आणि मुद्दाम आणलेला हात कसा दिसतो? शाळेच्या गॅदरिंगात पोरगं आंधळ्या भिकाऱ्याचं काम करतं, तसा. मनिषानं दारातून पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसत आत गेली.

“ओठ दाबून धरा ना,” संस्कृती म्हणाली.

“धरतोय की. ऱ्हात न्हाय.”

तिनं वाकून बाजूनं पाहिलं. “दाताला पुढनं थोडा थर चढलाय. केसभर. पण ओठ तीस वर्षं खाचेत बसायला शिकलाय, आता खाच गेली.” तिला ही गोष्ट फार मनोरंजक वाटली. वडिलांच्या चेहऱ्याकडं बघून तिनं ते बोलून दाखवलं नाही.

“हे काढून टाकता येतं का?” जोतीरामांनी विचारलं.

संस्कृतीनं डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाल्या, येतं; पण चांगलं बसलेलं काम कशासाठी काढायचं? दुखतंय का? नाही. मग काय होतंय? संस्कृतीनं सांगितलं, की माणूस सुखी दिसतोय. डॉक्टरांनी ते पुन्हा सांगायला लावलं. मग डॉक्टर म्हणाल्या, मी बाहेरगावी आहे, मंगळवारी या.

मंगळवार म्हणजे सोमवारनंतर. अर्ज भरून झाल्यावर.

रविवारी सकाळी जोतीराम एकटेच मळ्यात गेले. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं तेव्हा त्यांचं लक्ष आरशात होतं, पण एक वाक्य कानात राहिलं होतं: ऊस दातानं सोलला तर कोपरा उडेल. बांधाकडेच्या सरीतला सगळ्यात जाड, पिवळा पडलेला, कडक पेराचा ऊस त्यांनी निवडला. कोयता असून हातानं मोडला. वर-खाली कुणी नाही असं बघितलं, देवाचं नाव घेतलं आणि बुडख्याकडच्या कांड्यावर पुढचे दात रोवले.

तीस वर्षांत त्यांनी दातानं ऊस सोलला नव्हता. साल चर्रकन सुटली. रस हनुवटीवरून ओघळला. त्यांनी जिभेनं चाचपलं. दोन्ही कोपरे जागच्या जागी. बाईंनी काम मोठं नेकीनं केलं होतं. त्यांनी पुन्हा चावा घेतला, या वेळी पेरावर, जिथं ऊस लाकडासारखा असतो. मान वाकडी केली, दोन्ही हातांनी ऊस खाली ओढला.

कट्ट असा आवाज झाला.

जोतीरामांना बरं वाटलं. मग वाटेनासं झालं. जीभ वर गेली. वरचे दोन्ही दात गुळगुळीत, अखंड. जीभ खाली आली आणि तिला एक धारदार कड लागली. खालचा समोरचा दात, जन्मापासूनचा, देवानं दिलेला, कधी एका शब्दानं तक्रार न केलेला, तो तिरका उडाला होता. आणि तुटलेल्या जागी उसाचा गोड रस लागला, तशी कळ थेट डोक्यात गेली. ते बांधावर मटकन बसले. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. उपरणं आपसूक तोंडाशी गेलं.

“अप्पा?”

पलीकडच्या सरीतून रविंद्र आला होता. पाणी बदलायला आला असावा. पायाला चिखल, हातात खोरं. त्यानं पाहिलं: तात्या बसायचे त्याच बांधावर, तात्यांच्या उसाकडं तोंड करून जोतीअप्पा बसलेत. मांडीवर दातानं सोललेला ऊस. उपरणं तोंडाशी. रडताहेत.

रविंद्रनं खोरं खाली ठेवलं.

“तात्यांची आठवन आली व्हय?”

जोतीरामांना खरं सांगायचं होतं. पण तोंड उघडलं की वारा दाताला लागायचा. “...ऊस...” एवढंच ओठाआडून आलं, “...दात...”

“व्हय,” रविंद्र म्हणाला आणि शेजारी बसला. “शेवटच्या आठवड्यात बी एक कांडं मागितलं हुतं त्यांनी. म्या म्हनलं, आता नगं. द्याय पायजे हुतं, अप्पा.”

मग तोही रडायला लागला. दहाव्यात तो रडला नव्हता; पाहुण्यांचं बघायचं होतं, मांडवाचं, आचाऱ्याचं. आता त्यानं जोतीरामांच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि पोरासारखा रडला. जोतीरामांनी मोकळ्या हातानं त्याच्या पाठीवर थोपटलं. त्या घडीला त्यांना खरोखरच तात्या आठवले: दर वेळी पुढं केलेलं ते कांडं, आणि आपण एकदाही त्यांच्याशेजारी बसून ते खाल्लं नाही, ही गोष्ट. दात तुटला नसता तरी त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं असतं, असं त्यांना वाटलं. पण आता कोणतं पाणी कशाचं, हे वेगळं करायची सोय राहिली नव्हती.

“मी काय-बाय बोललो तुमाला,” रविंद्र म्हणाला. “मनात ठिवू नका.”

जोतीरामांनी ओठ मिटून मान हलवली.

सोमवारी अर्ज भरला. रविंद्र सूचक म्हणून सही करायला आला. शिवमनं नव्या फोटोचा फ्लेक्स बाजूला ठेवून जुन्याच फोटोचा दुसरा छापला, आणि आबाजी म्हणाले, “ह्योच खरा आपला मानूस.” निकालाच्या दिवशी जोतीअप्पा पॅनेलमध्ये सगळ्यात जास्त मतांनी आले. सत्काराला उठले, उपरण्याचं टोक तोंडाशी धरलं आणि काहीतरी बोलले. काय ते कुणाला कळलं नाही. आबाजींनी चष्मा काढून पुसला.

खालच्या दातासाठी संस्कृती मागं लागली आहे. एका बैठकीचं काम, ती म्हणते, डॉक्टरांनी रंगाची नोंद जपून ठेवली आहे. जोतीराम म्हणतात, जाऊ की, घाई काय? पुढच्या वर्षी चेअरमनपदाची निवड आहे.

आता गावभर हिंडताना ओठ मिटलेले असतात. त्या ओठांमागं वरचे दोन दात आहेत, असे, की सांधा शोधून सापडू नये. ते पाहायला मिळतात एकट्या मनिषाला, रात्रीचं जेवण झाल्यावर, दार लावून घेतल्यावर. ती म्हणते, “हासा बघू.” आणि संचालक साहेब दिवा चालू असताना हसतात.